ध्वंस आणि अभाव : डेलॉसच्या छायाचित्रांविषयी

इजियन समुद्रातील डेलॉस या छोट्या बेटावर जाऊन आलेल्या प्रवाशाच्या संग्रहात एक छायाचित्र हमखास आढळते : उघड्या माळावर चौथऱ्यांवर ओळीने बसलेले कृश संगमरवरी सिंह, त्यांचे उघडे जबडे आणि मागे निरभ्र आकाश. नॅक्सॉस बेटावरील लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस अपोलोला अर्पण केलेले हे सिंह मार्गदर्शिका, भित्तिपत्रके आणि पोस्टकार्डे यांनी इतके परिचित करून ठेवले आहेत, की प्रत्यक्ष पाहणाऱ्याला आपण ते पाहत आहोत असे वाटण्यापेक्षा ओळखत आहोत असेच अधिक वाटते. परंतु १९९९ पासून त्या चौथऱ्यांवर मूळ सिंह नाहीत. वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने झिजत चाललेले मूळ सिंह त्या वर्षी बेटावरच्याच वस्तुसंग्रहालयात हलवण्यात आले आणि त्यांच्या जागी प्रतिकृती बसवण्यात आल्या. मूळ रांगेतला एक सिंह तर कधीच व्हेनिसला गेला. तेथील नौदल-गोदीच्या दरवाजाशी तो आजही बसलेला आहे आणि त्याच्या धडावरचे मस्तक नंतरचे आहे. तात्पर्य, गेल्या पाव शतकात डेलॉसचे सिंह म्हणून माळावर टिपली गेलेली असंख्य छायाचित्रे ही प्रतिकृतींची छायाचित्रे आहेत.

ही माहिती कळल्यावर प्रवाशाला फसवणुकीची जी भावना होते ती समजण्याजोगी आहे, पण तिचे कारण तो चुकीच्या ठिकाणी शोधतो. वस्तुसंग्रहालयाने काही लपवलेले नाही. छायाचित्रानेही खोटे सांगितलेले नाही; भिंगासमोर जे होते ते त्याने नेमके नोंदवले आहे. प्रश्न असा आहे, की या नोंदीवरून पाहणारा जे अनुमान करतो त्याचा अधिकार त्याला कोणी दिला? भग्नावशेषांच्या छायाचित्रणाचा विचार सौंदर्याच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तो प्रमाणाच्या अंगाने करावयाचा झाल्यास डेलॉससारखे दुसरे स्थळ सापडणे कठीण.

रोलाँ बार्त यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक पुस्तकात छायाचित्राचे सारतत्त्व 'हे होते' या साक्षीत पाहिले. चित्रकाराला न पाहिलेली वस्तू रंगवता येते. छायाचित्रात मात्र ती वस्तू कधीतरी भिंगासमोर असावीच लागते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर छायाचित्र हे लिंग आहे : धुरावरून जसा अग्नी, तसे चित्रावरून चित्रविषयाचे तत्कालीन अस्तित्व. येथवर बार्त यांचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु भग्नावशेषाचे छायाचित्र पाहणारा 'हे होते' एवढ्यावर थांबत नाही. 'हे प्राचीन काळी असे होते' हे दुसरे साध्य तो त्याच हेतूवर उभे करतो. सिंहाची प्रतिमा मूळ सिंहासमोर जशी उमटते तशीच प्रतिकृतीसमोर उमटते. म्हणजे प्राचीनत्वाच्या साध्यापुरता हा हेतू सव्यभिचार आहे. तो हेत्वाभास आहे, असे कोणताही नैयायिक क्षणात सांगेल. छायाचित्राची निर्विवाद साक्ष आणि पाहणाऱ्याचे सदोष अनुमान यांची गाठ इतकी घट्ट बसते, की दुसऱ्याला पहिल्याची विश्वासार्हता आपोआप मिळून जाते. भग्नावशेषांच्या छायाचित्रांचे सामर्थ्य या उसन्या विश्वासार्हतेत आहे.

क्रीट बेटावरील क्नॉसॉस हे याचे अधिक ठळक उदाहरण. आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये तेथे उत्खनन सुरू केले. पुढे, विशेषतः १९२० च्या दशकात, त्यांनी राजवाड्याचे मजले, जिने आणि खांब सलोह काँक्रीटमध्ये पुन्हा उभारले. मूळ खांब लाकडाचे होते. आज उभे असलेले, खाली निमुळते होत जाणारे तांबडे खांब विसाव्या शतकातले आहेत. भित्तिचित्रांची स्थिती वेगळी नाही. तुटक्या गिलाव्याच्या तुकड्यांवरून पिता-पुत्र झिलिएराँ यांनी ती चित्रे पुरी केली. 'लिलींचा राजपुत्र' म्हणून जगभर ओळखली जाणारी आकृती वेगवेगळ्या तुकड्यांच्या जुळणीतून निघालेली आहे आणि ते तुकडे एकाच आकृतीचे होते काय, याविषयी अभ्यासकांनी रास्त शंका घेतल्या आहेत. क्नॉसॉसचे सर्वांत अधिक घेतले जाणारे छायाचित्र मात्र त्या तांबड्या खांबांचेच, उत्तरेकडील प्रवेशमार्गावरचे. कारण उघड आहे : राजवाड्याचा अस्सल भाग बहुतांशी गुडघ्याएवढ्या भिंतींचा आहे आणि गुडघ्याएवढ्या भिंतींचे छायाचित्र 'निघत' नाही. कॅमेऱ्याला उभी रेषा हवी असते. एव्हान्सने ती पुरवली.

थेरा, म्हणजे सांतोरिनी बेटावरील आक्रोतिरी येथे गोष्ट आणखी निराळी होते. इ.स.पू. १६०० च्या आसपासच्या ज्वालामुखीच्या उद्रेकात हे नगर राखेखाली गेले. स्पिरिदॉन मारिनातॉस यांनी १९६७ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन आरंभले. राखेत लाकडी सामान कुजून गेले, पण त्याचा पोकळ आकार राखेतच राहिला. त्या पोकळीत प्लास्टर ओतून पलंग आणि कोरीव पायांचे मेज परत मिळवण्यात आले. आंद्रे बाझाँ यांनी १९४५ च्या निबंधात छायाचित्राची तुलना ममीशी आणि मृत चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्याशी केली होती. आक्रोतिरीचे मेज ती तुलना अक्षरशः खरी करते : राखेतली पोकळी ही 'निगेटिव्ह' आणि प्लास्टर हा तिचा छाप. येथे प्रतिकृती ही मूळ वस्तूची उसनी जागा घेणारी वस्तू नाही. मूळ वस्तूने स्वतःच्या अनुपस्थितीला दिलेला तो आकार आहे. अशा मेजाचे छायाचित्र घेणारा एका छापाचा छाप घेत असतो, आणि तरीही ते क्नॉसॉसच्या खांबाच्या छायाचित्रापेक्षा प्राचीन वस्तूच्या कितीतरी अधिक जवळ असते.

या तीन उदाहरणांवरून 'सारेच प्रतिकृती, मूळ असे काही नाहीच' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. झाँ बोद्रियार यांचे नाव घेतले की हा निष्कर्ष फारसे श्रम न करता हाती येतो. परंतु तो येथे टिकत नाही. सिंहाची प्रतिकृती, काँक्रीटचा खांब आणि प्लास्टरचे मेज या तीन वस्तूंचे त्यांच्या मुळांशी असलेले संबंध तीन प्रकारचे आहेत. पहिल्या ठिकाणी मूळ वस्तू शाबूत आहे आणि थोड्या अंतरावर छपराखाली पाहता येते. दुसऱ्या ठिकाणी मूळ नष्ट झाले आहे आणि पुनर्रचना हे एक अर्थनिर्णयन आहे; तेही एडवर्डकालीन इंग्रज अभिरुचीने केलेले. तिसऱ्या ठिकाणी मूळ नष्ट झाले आहे, पण पुनर्रचना त्याच्या मापाला बांधलेली आहे. हे भेद पुसून टाकणारा सिद्धान्त कितीही चमकदार असला तरी समीक्षेच्या उपयोगाचा नाही. छायाचित्रात हे भेद दिसत नाहीत हे खरे. परंतु जे छायाचित्रात दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणे ही प्रवाशाचीच चूक सिद्धान्ताच्या पातळीवर पुन्हा करणे होय.

आलोइस रीग्ल यांनी १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक उपासनेविषयी लिहिताना 'वयोमूल्य' ही संकल्पना मांडली. ऐतिहासिक मूल्य कळण्यास ज्ञान लागते. वयोमूल्य मात्र झीज, भेगा, शेवाळ यांतून कोणालाही थेट जाणवते. त्यांनी हेही दाखवले, की वयोमूल्य आणि जतन यांचा मुळातच विरोध आहे, कारण झीज थांबवली की वयोमूल्याचा प्रवाहच थांबतो. डेलॉसच्या सिंहांनी या विरोधाला एक अनपेक्षित वळण दिले आहे. त्या प्रतिकृती सातव्या शतकातल्या ताज्या, धारदार सिंहांच्या नाहीत. झिजलेल्या सिंहांच्या आहेत. नाक-डोळ्यांची पुसट झालेली कड, वाऱ्याने खाल्लेली पाठ हे सारे साच्यातून आलेले आहे. म्हणजे येथे झीजच ओतून घडवली गेली आहे, आणि छायाचित्र ज्या वयाला भुलते त्या वयाचीही प्रतिकृती निघाली आहे.

येथे मराठी वाचकाला एक अडचण जाणवणे स्वाभाविक आहे. भग्न वास्तूकडे सौंदर्यवस्तू म्हणून पाहण्याची रीत आपल्याकडे परंपरेने आलेली नाही. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, तिचे विसर्जन होते. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, आणि जीर्णोद्धारात जुने जसेच्या तसे राखण्यापेक्षा देवाचे घर पुन्हा नांदते करणे महत्त्वाचे असते. पडझड पाहून रमणे ही दृष्टी युरोपीय अभिरुचीबरोबर आली. ग्रीक अवशेषांपुढे उभा राहिलेला मराठी प्रवासी ही दृष्टी शिकूनच तेथे गेलेला असतो. हा उणेपणा मानण्याचे कारण नाही. किंबहुना त्यामुळेच त्याला ती दृष्टी 'नैसर्गिक' नसल्याचे इतरांहून लवकर कळू शकते.

ही शिकलेली दृष्टी कशी घडली, याचा इतिहास छायाचित्रणाच्या इतिहासाशी समांतर आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षाच्या शरदात जोली द लोत्बिनिएर यांनी अथेन्सच्या अक्रॉपोलिसची चित्रे घेतली. हे तंत्र जन्मतःच भग्नावशेषांकडे धावले. त्याला तांत्रिक कारणही होते : दगड हलत नाहीत, आणि त्या काळी दीर्घ उद्भासन लागे. माणसे हलत, म्हणून ती चित्रात उमटत नसत किंवा धुरकट उमटत. निर्मनुष्य अवशेष ही पुढे ज्या सौंदर्यदृष्टीची खूण बनली, तिच्या मुळाशी एक तांत्रिक अपरिहार्यताही होती.

पुढे तंत्र सुधारले, माणसे टिपता येऊ लागली. स्विस छायाचित्रकार फ्रेद ब्वासोना यांनी ती टिपलीही. सिक्लडीसपासून क्रीटपर्यंतच्या प्रवासाचा त्यांचा चित्रग्रंथ १९१९ मध्ये निघाला. त्यांच्या ग्रीसमध्ये अवशेषांबरोबर गावकरी, होड्या आणि हवामानही आहे. याउलट हर्बर्ट लिस्ट यांच्या १९५३ च्या ग्रंथाच्या नावातच हेलासवरचा प्रकाश आहे, आणि त्या प्रकाशात जे माणूस म्हणून येते तेही बहुधा पुतळ्यासारखे येते. लिस्ट हे अधिक मोठे कलावंत आहेत, यात शंका नाही. परंतु ब्वासोना यांच्या चित्रांत वर्तमानाला जागा आहे. नंतरच्या प्रवासी-छायाचित्रणाने मात्र लिस्ट यांची शुद्धता उचलली आणि त्यांचे कौशल्य मागे ठेवले. आजचा प्रवासी इतर प्रवासी चौकटीबाहेर जाईपर्यंत दम धरून उभा राहतो. तो कशाची वाट पाहत असतो? आपल्यासारखे कोणीही येथे येत नाही असे दाखवणाऱ्या क्षणाची.

'ग्रीक प्रकाशा'विषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेलॉसवर रात्री राहण्याची प्रवाशांना परवानगी नाही. मिकोनॉसहून होड्या सकाळी निघतात आणि ठरलेल्या वेळी परततात. पहाटेचा तिरपा प्रकाश सामान्य प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. सावली देणारे झाड जवळजवळ नाही. तिपाई लावून किंवा व्यवसायासाठी चित्रे घ्यावयाची तर अगोदर परवाना काढावा लागतो. तेव्हा ज्या कठोर, सावलीविरहित, पांढऱ्या प्रकाशाला ग्रीक आत्म्याचे प्रतीक मानून पानेच्या पाने लिहिली गेली, त्याचा निदान काही भाग होडीच्या वेळापत्रकाने पुरवलेला आहे.

तथापि चौकट कोणी आखली यापेक्षा चौकटीबाहेर काय राहिले हा प्रश्न गंभीर आहे. डेलॉसचे सिंह पवित्र तळ्याकडे तोंड करून बसलेले आहेत. तळे आता नाही. हिवतापाच्या भयाने ते १९२० च्या दशकात कोरडे करण्यात आले, आणि लीटोने ज्या ताडवृक्षाला धरून अपोलोला जन्म दिला त्याच्या स्मरणार्थ कोरड्या तळ्यात एक ताड लावण्यात आला. सिंह टिपण्यासाठी प्रवासी तळ्याच्या बाजूस उभा राहतो, तेव्हा त्याच्या पाठीशी, डावीकडे, एक विस्तीर्ण चौक पसरलेला असतो. 'इटालियनांचा अगोरा' म्हणून ओळखली जाणारी ही इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली वास्तू डेलॉसवरील सर्वांत मोठी वास्तू आहे. तिची छायाचित्रे प्रवाशांच्या संग्रहात क्वचित आढळतात. गवत, खांबांची बुंधे, जोत्यांच्या रेषा, आणि मध्ये मोकळी जमीन. तेथे पाहण्याजोगे काही नाही, असे सर्वांचे मत पडते.

पण डेलॉसचा उत्तरकालीन इतिहास या मोकळ्या जमिनीच्या आसपास घडला. इ.स.पू. १६७-१६६ च्या सुमारास रोमने हे बेट अथेन्सच्या हवाली करून तेथील बंदर करमुक्त केले. ऱ्होड्सचा व्यापार मोडणे हा त्यातला एक हेतू होता. काही दशकांतच डेलॉस पूर्व भूमध्यसमुद्रातील गुलामांच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र झाले. एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेण्याची आणि रवाना करण्याची या बंदराची ताकद होती, असे भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. आकडा अतिशयोक्त असेल. व्यवहाराचे स्वरूप त्याने स्पष्ट होते. सिसिलीतील गुलामांच्या मोठ्या बंडाच्या काळात डेलॉसवरही उठाव झाल्याची नोंद आहे. फिलिप्पो कोआरेल्ली यांनी इटालियनांचा अगोरा हाच गुलामबाजार असावा असे प्रतिपादन केले. इतरांनी ते नाकारले. मोनिका ट्रुम्पर यांनी २००९ च्या ग्रंथात तर गुलामविक्रीसाठी अशा स्वतंत्र वास्तू बांधल्या जात होत्या काय, यावरच प्रश्नचिन्ह लावले. वाद मिटलेला नाही. ज्या व्यापारावर बेटाची भरभराट झाली त्याची जागा बेटावर निश्चितपणे दाखवता येत नाही, एवढे मात्र उरते.

अभावाविषयी भारतीय दर्शनांनी जो विचार केला आहे तो या ठिकाणी उपयोगी पडतो. नैयायिक ध्वंस आणि अत्यंताभाव यांत भेद करतात. घट फुटला की त्याचा ध्वंस त्याच्या कपालांत राहतो. कपाले डोळ्यांसमोर असतात आणि घटाची आठवण देतात. ध्वंसाला आरंभ आहे, अंत नाही. जमिनीवर घट नसणे हा निराळा अभाव. तेथे अधिष्ठान म्हणून नुसते भूतल आहे, आणि ते पाहून 'घट नाही' असे ज्ञान होण्यासाठी घट या प्रतियोगीचे ज्ञान अगोदर असावे लागते. ज्याला घट ठाऊक नाही त्याला तेथे अभाव दिसत नाही, जमीन दिसते.

भग्नावशेषांचे छायाचित्रण हे ध्वंसाचे छायाचित्रण आहे. नॅक्सॉसवासीयांनी उभारलेल्या अपोलोच्या प्रचंड पुतळ्याचे धड आजही बेटावर पडलेले आहे, हाताचा तुकडा तेथल्या वस्तुसंग्रहालयात आहे आणि पावलाचा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये. ही सर्व कपाले आहेत, ती टिपता येतात, आणि त्यांच्यावरून पुतळ्याची कल्पना बांधता येते. क्लिओपात्रा नावाच्या अथेनियन स्त्रीने इ.स.पू. १३८-१३७ मध्ये आपल्या घरात पती दिऑस्कुरिदेस याचा पुतळा उभा केला; ते दोघे आज मस्तकाविना उभे आहेत, पण शिलालेखामुळे त्यांना नावे आहेत. त्यांचे तुटलेपण हेच छायाचित्रकाराला मोहवते. जे संगमरवरात घडले होते तेच फुटू शकते, आणि जे फुटू शकते तेच अवशेष म्हणून सुंदर दिसू शकते. गलबतातून उतरवून संध्याकाळच्या आत दुसऱ्या गलबतात चढवलेल्या माणसाचे कपाल बेटावर राहत नाही. त्याचा ध्वंस झाला तो लाटिअमच्या मळ्यात किंवा लॉरिअमच्या खाणीत. डेलॉसवर त्याचा केवळ अभाव आहे, आणि त्या अभावाचे अधिष्ठान म्हणजे गवत उगवलेली जमीन.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर. वस्तू असती तर दिसली असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. भग्नावशेषांचे छायाचित्र नेमकी ही अट मोडते. त्यात गुलाम दिसत नाहीत, मजूर दिसत नाहीत, आणि पाहणारा नकळत ठरवतो की येथे देव, अर्पणे आणि प्रकाश एवढेच होते. गुलाम असते तरी या दगडांवर दिसले नसते, हे त्याला चित्र सांगत नाही. ती योग्यानुपलब्धी नव्हे. छायाचित्राच्या लखलखीत उजेडात हा अंधार लपून राहतो. चित्राखालच्या ओळीशिवाय छायाचित्र अनिश्चिततेत अडकेल, असा इशारा वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये दिला होता. भग्नावशेषांच्या बाबतीत तो विशेष खरा आहे, कारण प्रतियोगीचे नाव केवळ भाषाच उच्चारू शकते.

उत्खननाच्या जुन्या छायाचित्रांत एखाद्या दगडाशेजारी मजूर उभा केलेला असतो. दगडाची उंची कळावी म्हणून त्याला तेथे उभे राहण्यास सांगितलेले असते. त्याचे नाव नोंदलेले नसते. त्याला प्रमाणपट्टी म्हणून वापरले आहे, आणि तरीही अशा चित्रांत 'हे होते' याची बार्त यांना अभिप्रेत असलेली टोचणी त्या माणसापाशीच जाणवते. नंतर मोजपट्टीच्या रंगवलेल्या काठ्या आल्या आणि हा माणूसही चित्रातून गेला.

२०१९ मध्ये ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी डेलॉसवर २९ लोखंडी मानवाकृती ठेवल्या : काही अवशेषांत, काही टेकडीवर, काही पाण्याच्या कडेला. निर्मनुष्य अवशेषांत देह परत आणण्याचा हा प्रयत्न गंभीर होता आणि त्याची छायाचित्रे देखणी निघाली. पण गॉर्मली यांचे बहुतेक शिल्पदेह त्यांच्या स्वतःच्या देहावरून घडतात. ज्या बंदरातून असंख्य अनाम देह गेले त्या बंदरात एका नामवंताच्या देहाची आवर्तने उभी राहिली. कलाकृती म्हणून तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. बेटाच्या स्मृतीशी मात्र तिचा मेळ बसला नाही.

डेलॉसने स्वतःही एकदा आपली चौकट साफ करून घेतली होती. इ.स.पू. ४२६-४२५ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी देवाच्या नावाने बेट 'शुद्ध' केले. सगळी थडगी उकरून त्यांतले अवशेष समोरच्या रेनेइया बेटावर नेऊन पुरले, आणि यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये असा नियम केला. दिवस भरलेल्या बायका आणि मरणोन्मुख माणसे होडीत घालून पलीकडे न्यावीत असे ठरले. विशेष हे, की उकरलेल्या थडग्यांतली शस्त्रे आणि पुरण्याची रीत पाहून निम्म्याहून अधिक मृत कॅरियन होते, असे अनुमान थ्युसिडिडीजने आपल्या इतिहासाच्या आरंभी केले आहे. पुरातत्त्वीय अनुमानाचे इतके जुने उदाहरण विरळा. ते बेट पुसण्याच्या कृतीतूनच निघाले. छायाचित्राचा मृत्यूशी असलेला संबंध बार्त यांनी पुन्हापुन्हा सांगितला. जेथे मरणास बंदी होती त्या बेटाची छायाचित्रे मात्र इतकी निर्मळ का वाटतात, याचे उत्तर कदाचित या हिवाळ्यात आहे. पुढे इ.स.पू. ८८ मध्ये मिथ्रिडेटीसच्या सैन्याने आणि इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले. आप्पियन पहिल्या हल्ल्यात डेलॉस व इतर ठाण्यांवर मिळून वीस हजार माणसे मारली गेल्याचे सांगतो. नंतर वस्ती विरळ होत संपली, आणि संगमरवर शेजारच्या बेटांवर बांधकामाला गेले किंवा भट्टीत जळून चुना झाले.

डेलॉसवरून परतण्यापूर्वी बहुतेक प्रवासी किंथॉस टेकडीच्या पायऱ्या चढतात. उंची ११२ मीटर. वरून पश्चिमेकडे तोंड करून घेतलेले चित्र सिंहांच्या खालोखाल सर्वांत परिचित आहे : खाली नाट्यगृह, घरांच्या भिंतींचे जाळे, जुने बंदर, अरुंद खाडी, आणि खाडीपलीकडे तपकिरी रंगाची एक लांबट, बुटकी टेकडी. ती रेनेइया. सामॉसच्या पॉलिक्रॅटीसने तिला साखळीने डेलॉसशी बांधून अपोलोला अर्पण केले होते. चित्र घेणारा तिचा उपयोग क्षितिज सरळ ठेवण्यासाठी करतो. शुद्धीकरणात नेलेल्या अवशेषांचा खड्डा तेथे १८९८ मध्ये सापडला. त्यातली भांडी ठेवण्यासाठी मिकोनॉसला वस्तुसंग्रहालय बांधण्यात आले. डेलॉसच्या होड्या ज्या जुन्या धक्क्याला लागतात, त्यापासून ते चालण्याच्या अंतरावर आहे.